दोनशे चौदाचा दगड

—आवो ताई, त्यो हिरवा बोर्ड कशाला वाचत बसलाय? मला इचारा की. ह्या रस्त्याचं काय बी इचारा. चौतीस वर्सं मैलकुली व्हतो म्या हितं — मैलकुली म्हंजे म्हाईत हाय न्हवं? न्हाय? आता कुनाला म्हाईत आसनार म्हना. पयलं सरकार एकेका गड्याला रस्त्याचा एकेक तुकडा नेमून द्यायचं. त्यात खड्डा पडला तर त्यानं बुजवायचा, कडंचं गवात त्यानं छाटायचं, झाडाला चुना-गेरूचा पट्टा त्यानं मारायचा, मैलाच्या दगडावरला आकडा पुसाय लागला की त्यानंच रंगवायचा. माझ्याकडं आठ किलोमीटर व्हते. रामहरीचा रस्ता म्हनायचे लोक. बसा, ह्या बाकड्यावर बसा, लिंबाची सावली हाय. आवंदा सरावनात बी ऊन चैतासारखं पडलंय. आन तुमच्या संगं फटफटीवर आलेला त्यो गडी तितं उनात दगडापाशी का उभा ऱ्हायलाय? बोलवा की त्याला बी. येत न्हाय? ऱ्हाऊ द्या मग, दगड बगत आसंल. येनारा-जानारा बगतोच त्यो दगड.

वळकलं म्या तुमाला. खरं सांगू का, फटफटीवरनं उतरलात तवाच वळकलं. शिमग्यानंतर तिसऱ्या दिवशी तुमचे वडील आल्ते, धोंडिराम मास्तर, ह्याच बाकड्यावर बसले व्हते. कपाळ तेच, आन मानसाकडं टक लावून बगायची रीत बी तीच. सुमितच्या थोरल्या भैन तुमी. चैताली. त्यानंच सांगिटलं नाव — व्हय, बोलला की त्यो. थोडं बोलला. सांगतो, समदं सांगतो, पानी तर घ्या आदी. लई वाईट झालं बगा. सव्वीस वर्साचं पोर, दुकानादुकानात क्यामेरे बसवायचं काम, पाठीवर वायरीची पिशवी, टेंभुर्णीहून फटफटीवरनं सोलापूरला आपल्या घरला निगालेलं, आन शिमग्याच्या भर दुपारी एक टेम्पो मागनं येतो, उडवतो आन निगून बी जातो. त्या टेम्पोचा नंबर कुनी बगितला न्हाय. म्या बी न्हाय. जलमभर आकडे रंगवले आन ज्यो बगायचा त्यो बगितला न्हाय.

फोन? फोन कुनी केला — आता ते कसं सांगावं ताई. गर्दी व्हती. धा-बारा मानसं, समद्यांच्या हातात फोन. कुनीतरी लावला. म्या पोराचं डोस्कं मांडीवर घिऊन बसलो व्हतो, माझं ध्यान पोराकडं. ते कागद कशाचे हायेत? बरं बरं, ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच, चष्मा घरात हाय माझा. आन गाडी येळेवर का आली न्हाय ते तर तुमच्या वडलांना म्या तवाच सांगिटलं. ड्रायव्हर. दुसरं काय आसतंय? ॲम्ब्युलन्स आसू दे न्हाय तर येस्टी आसू दे, ड्रायव्हर मानूस हाटेल दिसलं की उतरतो. तुमीच तक्रार केली न्हवं? घरी बसवलाय म्हनं त्याला. बरं केलंत. — मग आता फिरून कशाला इचारताय?

तुमी शिकल्यासवरल्या हाय, एक सांगा बरं मला. जगात समद्यात ज्यादा रस्ते कुटल्या देशात? आमेरिकेत, बराबर. सासष्ट-सदुसष्ट लाख किलोमीटर. आन दोन नंबरला? बगा, समदे चीनच म्हनत्यात. चीन न्हाय. दोन नंबरला आपन. त्रेसष्ट लाख किलोमीटर. चीन आपल्या मागं, त्रेपन्न-चोपन्न लाखावर. मला कसं म्हाईत? माझी नात हाय की, वैष्णवी, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करती. तिचा बाप पुन्याला कंपनीत, ती हितं आमच्यापाशी. रोज सकाळी वट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचती आन म्या हितं दाताला मिश्री लावत ऐकतो. नद्या, डोंगर, कोन कवा राज्यपाल झाला — ह्यातलं काय माझ्या डोस्क्यात ऱ्हात न्हाय. पर रस्त्याचं पान आलं की म्हनतो, थांब वैष्णवे, ह्ये परत वाच. तिला हासू येतंय. म्हनती, आबा, तुमालाच बसवाय पायजे परीक्षेला.

पर त्यात बी गोम हाय बरं का. ज्याच्यावर बैलगाडी न्हाय, म्हस न्हाय, शेळी न्हाय, कुनी मधनं आडवं येत न्हाय, दोनी कडंनी जाळी ठोकल्याली — तसले मोठे रस्ते नुसते मोजले, तर चीन समद्यांच्या फुडं. पावनेदोन लाखाच्या वर. आमेरिका एक लाखापाशी. आन आपन? काही हजार. पुस्तकात ते वाचलं तवा मला लई राग आला, चीनचा न्हवं, पुस्तकाचा. दोन नंबरवरनं एकदम खाली ढकलून दिलं की आमाला. तर वैष्णवी म्हनली, आबा, ही तुलना तशी कच्चीच आसती. परतेक देश आपल्या परीनं मोजतो. कुनी शेतातली पानंद बी रस्ता म्हून धरतं, कुनी डांबर आसंल तरच धरतं, कुनी गावातले बोळ सोडतं, कुनी घेतं. काय मोजायचं आन कुटनं मोजाय सुरू करायचं, त्याच्यावर हाय समदं. पटलं मला. — कुटनं मोजाय सुरू करायचं. आसंच म्हनली व्हती ती.

त्या त्रेसष्ट लाखात माझे आठ. हासू नका. तुमी न्हाईच हासत, मला ठावं हाय, पर गावातले हासत्यात. म्हनत्यात, रामहरी, तुझे आठ काढून टाकले तर दिल्लीला कळंल का? न्हाय कळनार. पर आठ म्हंजे काय थोडं हाय का ताई? घमेलं डोस्क्यावर घिऊन चालून बगा. चन्नप्पा मुकादम व्हता आमचा, अक्कलकोटकडला, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायचा. त्यानं मला आकडा काडायला शिकवलं. शाळा माझी दुसरीपातूर, आकडा म्हंजे आपला उगं रेघोट्या. त्यो सुतळी धरून, कोळशानं आखून दाखवायचा. डोस्कं पिवळं, खाली पांढरं, आन आकडा काळा, पोटभर. म्हनायचा, रामहरी, मानूस वाट चुकतो तवा त्यो देवाचं नाव घेत न्हाय, आदी दगड हुडकतो. तवा आकडा आसा काड की रडनाऱ्या मानसाला बी वाचता आला पायजे. आसं म्हनायचा. गेला त्यो बी.

खंडेनवमीला लोक कोयता पुजत्यात, वजन-काटा पुजत्यात, मोटार पुजत्यात. आमी गँगवाले पहार, घमेलं आन दगड पुजायचो. आठ दगडं व्हती माझी, आठीला नारळ. त्या दिवशी आकडा नव्यानं रंगवायचा, ही आमची रीत. चौपदरी झाली तवा मशीन आली आन एका दुपारी माझी सात दगडं उपटून, तुकडं करून भरावात टाकली. डोळ्यादेखत. म्या तितल्या सुपरवायझरच्या पाया पडलो. म्हनलं सायेब, एक तरी ठेवा. रिटायर व्हायला दोन वर्सं ऱ्हायली व्हती माझी. त्याला काय वाटलं कुनाला ठावं, म्हनला, घे बाबा, तुझ्या घराम्होरं लाव. आन मशीननंच आनून हितं, कडंच्या रस्त्याला, आदी व्हता तितल्या तितं रवून दिला. एक मीटर हिकडं न्हाय की तिकडं न्हाय. दोनशे चौदा. रिटायर झालो तरी दर खंडेनवमीला रंग माझ्या पदरचा. ह्या अख्ख्या टापूत आसा सोच्छ आकडा दुसरा दाखवा. त्यो हिरवा बोर्ड बगा की, धुळीनं भरलाय, वर कसल्या तरी किलासची जाहिरात चिकटवलीया. एकशे ब्यान्नव लिवलंय म्हनं त्याच्यावर.

व्हय. एकशे ब्यान्नव. म्हंजे त्याचं आसं झालं, चौपदरीत गावाबाहेरनं वळसे काडले, वाकडं व्हतं ते सरळ केलं, रस्त्याचा नंबर बी बदलला, आन मोजनी नव्यानं केली. सुरुवातच दुसरीकडनं धरली. तर माझा दोनशे चौदा त्यांच्या हिशोबात एकशे ब्यान्नव झाला. बावीस किलोमीटरचा फरक. वैष्णवी मला लई वेळा म्हनली, आबा, नंबर बदलले, ह्यो दगड आता खोटा हाय, न्हाय तर त्याच्यावर नवा आकडा तरी काडा. एकदा रंगाचा डबा घिऊन सोताच निगाली व्हती काडायला. म्या डबा हिसकावून घेतला. म्हनलं, माझ्या दगडाला खोटा म्हनतीस? तुला म्या खांद्यावर बसवून ह्या दगडावर आकडे शिकवले, दोनाचा पाय कसा वळवायचा ते. तीन दिवस बोललो न्हाय तिच्याशी. जेवन बी हितं बाकड्यावर आनून ठेवायची बिचारी. गेल्या दसऱ्यातली गोष्ट. शिमग्याच्या पाच महिने आदीची.

आशा का बगताय तुमी माझ्याकडं? — त्याचा ह्याच्याशी काय संबंद? दगड हितं उभा हाय, मुका, त्यानं कुनाचं काय केलं? गाडी त्या ड्रायव्हरनं चालवायची व्हती. आकरा मिंटं हाटेलापाशी उभी व्हती गाडी, तुमच्याच कागदात हाय न्हवं? गाडीतल्या मशीनमदी दिसतंय म्हनं समदं. मग? आन ती फोनवरली बाई. तिला तरी अक्कल पायजे व्हती. जवळची खून सांगा म्हनं, पंप हाय का, हाटेल हाय का, गाव कुटलं. आरं, चोख आकडा दिल्यावर खून कशाला लागती? पुन्ना इचारती, दोनशे चौदा का? नक्की का? व्हय म्हनलं की नक्की —

—ऐकलं म्हनतो म्या. कुनीतरी बोलत व्हतं, फोनचा आवाज मोठा व्हता, कानावर पडलं. मांडीवर पोर आसलं म्हून काय कान बंद व्हत्यात व्हय?

कोन सापडला? ट्रकवाला? — कुटं? हैद्राबादच्या फुडं? पाच महिने हुडकलात तुमी त्याला? त्याच्या फोनवरनं फोन गेल्ता, ते कागदात आलं व्हय. आन काय म्हनला त्यो? म्हातारा व्हता. खाकी टोपी घातल्याला. फोन हिसकावून घेतला म्हनला. हिसकावला न्हाय ताई. मागितला. — हिसकावला आसंल. ही ती टोपी. चौतीस वर्सं डोस्क्यावर हाय, रिटायर झाल्यावर बी काडली न्हाय.

बरं. आता ऐका. ती बाटली बंद करा, पानी सांडतंय तुमच्या कागदावर. म्या ह्याच बाकड्यावर बसलो व्हतो. आवाज झाला, उठून पळालो. पोर कडंच्या रस्त्यावर पडलेलं, दगडापासनं चार पावलांवर. रगात लई न्हवतं, म्हून मला वाटलं वाचतंय. ट्रकवाला थांबला, भला मानूस, त्यानं फोन लावला आन हिंदीत सांगाय लागला, मोहोळ के आगे, नही पीछे, एक फाटा है, पंप है. चाचपडत व्हता नुसता. मला ऱ्हावलं न्हाय. म्हनलं द्या हिकडं, म्या सांगतो, म्या मैलकुली हाय हितला. चौतीस वर्सांत मला कुनी इचारलं न्हवतं ताई, की रामहरी, आपन कितव्या किलोमीटरला हाय? सायेब यायचे, गाडीतनं उतरायचे न्हाईत. आन त्या दिवशी एक बाई फोनवर इचारती, एका जीवासाठी इचारती, आन हितं त्ये ठावं आसनारा म्या एकलाच. म्या दगडाकडं बगितलं बी न्हाय. बगायची काय गरज? सांगिटलं, दोनशे चौदा. खून सांगा म्हनली तर रागावलो तिच्यावर. म्हनलं, लिवून घ्या, दोनशे चौदा, एक मीटर हिकडं न्हाय की तिकडं न्हाय. आडानी मानसानं पंप सांगिटला आसता. पोरानं, बाईनं, कुनी बी पंपच सांगिटला आसता. आकडा म्या सांगिटला, कारन मला येत व्हता.

मग ट्रकवाला गेला. पोलिसाला भेतो ट्रकवाला, फोन बंद करून गेला. आन म्या पोराला मांडीवर घिऊन बसलो. त्यो शुद्धीवर व्हता. मला म्हनला, काका, किती येळ? म्हनलं आली, आली, म्या नंबर दिलाय, बराबर नंबर दिलाय. नाव इचारलं तर सांगिटलं. म्हनला, चैतालीला कळवा, बाबांना नको, बाबांना झेपायचं न्हाय. पानी मागितलं तर म्या दिलं न्हाय, देऊ नये म्हनत्यात म्हून. दिलं आसतं तर बरं झालं आसतं. परत म्हनला, काका, किती येळ? सात बार इचारलं त्यानं, सात बार म्या म्हनलं आली. दर बारीला त्याला पटायचं ताई. डोळे मिटून घ्यायचा, गप पडायचा. माझ्यावर इस्वास व्हता त्याचा. आन टेंभुर्णीच्या बाजूची गाडी तवा मोकळी उभी व्हती, सतरा किलोमीटरवर, सावलीला. तिला कुनी बोलवलंच न्हाय, कारन त्यांच्या हिशोबातला दोनशे चौदा बावीस किलोमीटर फुडं, तिच्या हद्दीत येत न्हाय.

पन्नास मिंटांनी पंपावरल्या मानसानं दुसरा फोन केला. पंपासमोर म्हनला, बास. आटरा मिंटांत गाडी आली, टेंभुर्णीचीच. तवर सुमितनं इचारायचं बंद केलं व्हतं. पंपावरला मानूस माझ्यापाशी आला आन म्हनला, आबा, ती बाई म्हनती आमची एक गाडी कवाची दोनशे चौदाला हिंडतीया, तितं कुनीच न्हाय, कुनी सांगिटलं ह्ये दोनशे चौदा? म्या म्हनलं, कुनाला ठावं. पोराचं डोस्कं अजून माझ्या मांडीवर व्हतं आन म्या म्हनलं, कुनाला ठावं.

हां. म्हंजे मला तवाच ठावं व्हतं. त्याच दिवशी. तुमचे वडील आले तवा बी ठावं व्हतं. ते बसले, रडले न्हाईत, नुसतं म्हनले, येळ का लागला एवढंच कळू दे, मला दुसरं काय नको. तवाच सांगाय पायजे व्हतं. तोंड उघडलं म्या सांगायलाच. पर वैष्णवी दारात उभी व्हती, च्या घिऊन. तिला ठावं हाय की दगडाचं. ती आयकत व्हती. आन माझ्या तोंडातनं निगालं, ड्रायव्हर हाटेलात च्या पीत बसला आसंल. आसंल म्हनलं म्या. बसला व्हता म्हनलो न्हाय. तुमच्या वडलांनी त्यातला 'आसंल' काडून टाकला आन तसंच कागदावर दिलं. — न्हाय, त्यांचा दोस न्हाय. माझाच. त्यांनी माझ्या वयाकडं बगून, टोपीकडं बगून खरं धरलं.

ती आकरा मिंटं त्यो काय करत व्हता? — उसात? गाडी हाटेलापाशी लावून उसात शिरला व्हता? हुडकत? — मला काय ठावं ताई. त्या टापूत रस्त्याला लागून ऊस हाय, खरं हाय ते. मानूस उडून उसात पडला आसंल म्हून उतरला आसंल. म्हंजे त्यो उसात हाका मारत हिंडत व्हता आन म्या हितं पोराला सांगत व्हतो आली, आली.

काय लिवलंय ह्या जबाबाच्या कागदात? वाचा. — व्हय. व्हय. ते बी व्हय. हां, च्याचं म्या सोताहून बोललो, बगितलं काय न्हाय. व्हय. — आता सही म्हनता. आज? उद्याला केली तर न्हाय चालनार? तसं न्हवं ताई, माझं काय, माझी पासष्टी उलटून बी चार वर्सं झाली. वैष्णवीची परीक्षा आठ दिवसांवर आलीया. ती आत्ता मोहोळला लायब्ररीत गेलीया, चार वाजता येती. तिला कळंल. गावाला कळू दे, पर तिला — तिनं डबा घिऊन आकडा बदलाय काडला व्हता ताई. बदलू दिला आसता, तर माझ्या बी डोळ्याखालनं रोज एकशे ब्यान्नव गेला आसता, आन तोंडात त्योच आला आसता. हे तिला परीक्षेच्या आदी कळाय नको. परीक्षा झाली की म्या सोता येतो सोलापूरला, तुमच्या दारात येतो, मागाल तितल्या सह्या —

त्या गड्याला का बोलवताय? ऱ्हाऊ द्या की त्याला तितं. आला बगा. ये बाबा, सावलीला ये, घामानं भिजलास की. पानी घे. घेत न्हाय? — कोन ह्यो? तुमचा भाऊबंद? बरं, नाव काय म्हनला?

युवराज.

आडनाव सांगू नका. कळलं मला. — लई तरना हायेस रे. म्या त्या ड्रायव्हरला म्हातारा धरला व्हता. डोळ्यांम्होरं आनायचो तवा पोट सुटलेला, पान खानारा, आसा आनायचो. लगीन झालंय का? — लेकरू बी हाय. हं. ताई, तुमी तक्रार केली आन तुमीच ह्याच्या फटफटीवर बसून हितं आलात. काय बोलला वाटंनं एकमेकांशी? हितपातूर ऊस बगत आला आसाल दोगं बी.

द्या त्यो कागद. पेन द्या. कुटं करायची? हितं? — रा-म-ह-री. झाली. अंगठा बी घ्या वाटलं तर. वैष्णवीला म्या सांगतो, चार वाजता, ती येस्टीतनं उतरली की. तुमी नका सांगू.

आता काय ऱ्हायलं? कुटली जागा मोकळी हाय? — काय इचारतोय त्यो?

अपघाताची जागा. कितवा किलोमीटर.

न्हाय. ते मला इचारू नगं लेकरा. ते तुमी लिवा. तितं हिरवा बोर्ड हाय, जा, धूळ पूस त्याच्यावरली, आन त्यो वाचून लिव. मला इचारू नगा. जावा आता. जावा.